आसरांच्या झऱ्यातले गप्पी मासे

अप्पा,

तुमचे मासे अजून जिवंत आहेत. तुमची सायकल भंगारात गेली, नाशकात इंदिरानगरच्या ज्या विहिरींत तुम्ही ते सोडायचात त्या बुजवून वर इमारती उभ्या राहिल्या, तुम्हाला जाऊनही तीस वर्षं होत आली. पण डासांच्या अळ्या खाणारे ते गप्पी मासे काही संपले नाहीत. मला हे ठाऊक आहे कारण आता माझं पोट त्यावरच चालतं. तुम्ही मलेरिया खात्यात पाण्यात मासे टाकायचं काम केलंत, आणि मी पाण्यात कोणकोणते मासे आहेत ते शोधते. एकाच घरातले दोन उलटे धंदे.

तुम्हाला समजेल असं सांगते. जाळं टाकावं लागत नाही, मासा डोळ्यांना दिसावाही लागत नाही. पाण्यात राहणारा जीव अंगावरचा चिकटा, खवल्याचा कण, विष्ठा असं काहीतरी सतत पाण्यात सोडत असतो. त्यात त्याचा डीएनए असतो, म्हणजे तो कोण आहे याची खूण. आम्ही दोन लिटर पाणी बारीक गाळणीतून ओढतो आणि ती लहानशी पांढरी चकती बर्फात घालून प्रयोगशाळेत आणतो. काही आठवड्यांनी यादी येते. बेडूक, खेकडे, मासे, पाणी प्यायला येऊन गेलेलं रानडुक्करसुद्धा. हातमोजे घालायचे, पाण्यात पाय बुडवायचा नाही, आणि शुद्ध पाण्याची एक बाटली सोबत नेऊन तीही तशीच गाळायची, म्हणजे आपलीच घाण यादीत शिरली असेल तर कळतं. तुम्ही असतात तर हसला असतात, "एवढ्याशा पाण्याला एवढं सोवळं?"

यंदाच्या हिवाळ्यात आमच्याकडे पश्चिमेच्या डोंगरातले झरे तपासायचं काम आलं. त्या यादीत घोटीच्या वरच्या अंगाचा एक झरा होता. आईच्या माहेरचा. कातळातून पाणी येतं, खाली गुडघाभर खोल कुंड, कुंडाच्या काठावर शेंदूर लावलेले आसरांचे, त्या पाण्यातल्या देवींचे, सात दगड, आणि तिथून पाणी भाताच्या खाचरांतून खालच्या ओढ्याला जातं. त्या कुंडात बोटभर लांबीचा मासा असायचा, डोक्यावर चांदीच्या टिकलीसारखा ठिपका. गावात त्याला टिकलीचाच मासा म्हणत. आसरांचा म्हणून कुणी धरत नसे. कळशीत आला तर हात जोडून परत सोडायचे. आता पुस्तकं वाचून कळलं की डासांच्या अळ्या तोही खातो. त्या झऱ्याला कुणाच्या मदतीची गरज नव्हती.

आम्ही तीन बाटल्या भरल्या. यादी आली तेव्हा तिन्हींत गप्पी होता आणि टिकलीचा एकीतही नव्हता. खालच्या ओढ्यात तेच, त्याच्या खालच्या डोहातही तेच. गप्पी भराभर वाढतात, दुसऱ्यांची पिल्लं खातात, आणि मूळचा मासा टिकत नाही. मी परत गेले, पुन्हा तीन बाटल्या भरल्या. या वेळी एकीत टिकलीच्या माशाची अगदी पुसट खूण आली आणि मी वेड्यासारखी आनंदले. आमचे सर म्हणाले, "तिनांत एक म्हणजे धरता येत नाही. खालच्या गाळात जुना अंश राहतो. मासा असेलच असं नाही." त्यांचं बरोबर होतं. तुम्ही गेल्यावर तुमच्या खाकी शर्टाला महिनाभर फवारणीचा वास होता, म्हणून काही तुम्ही घरात नव्हतात.

मग सरांनी विचारलं, "इतक्या वर हे गप्पी आले कसे?" आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, "पूर्वी मलेरिया खात्याची माणसं सोडायची ना." सरांनी मान डोलावली आणि तसं अहवालात लिहिलं. आपल्यात कोण होतं ते पाणी सांगतं, ते कुणाच्या हातून आलं हे सांगत नाही.

तुम्ही मला आयुष्यात एकदाच मारलंत. मी सायकलच्या दांडीवर, मागे कॅरिअरला माशांचा डबा, आणि तुम्ही विहिरीच्या मालकाशी बोलत असताना मी गंमत म्हणून थोडे मासे शेजारच्या नाल्यात ओतले. थोबाडीत बसली ती बसलीच, वर तुम्ही विजार वर दुमडून नाल्यात उतरलात आणि चाळणी घेऊन सगळे मासे परत काढेपर्यंत बाहेर आला नाहीत. तुमची निफाडची बोली रागात जास्तच उसळायची. "वाहत्या पान्यात सोडायचं नाय कधी! हिरीतलं हिरीत ऱ्हातं. वाहतं पानी कुनाच्या बापाचं ऐकत नाय, समजलं का?" मी कानाला खडा लावला. चौथीत मी पहिली आले तेव्हा तुम्ही लोणच्याची काचेची बरणी धुऊन त्यात दहा-बारा गप्पी घालून मला दिलेत. म्हणालात, "हे तुझे. पन बरनीतच." तेवढी भारी भेट मला नंतर कुणीच दिली नाही.

त्याच दिवाळीत आई आणि मी एसटीनं घोटीला गेलो आणि ती बरणी मी मांडीवर धरून नेली. मामाच्या धाकट्या मुलीला थंडीताप होता. चार वर्षांची पोर गोधडीखाली थरथरत होती. थंडीताप डासांनी होतो आणि डासांना गप्पी खातात, हे तुमच्याच तोंडून मी शंभरदा ऐकलेलं. सगळे तिच्याभोवती बसले असताना मी बरणी घेऊन झऱ्यावर गेले आणि आसरांच्या पायाशी ती उपडी केली. तुमची थोबाडीत आठवत होती, अप्पा. विसरले नव्हते. मला वाटलं, एखाद्या वेळी चालतं.

पोरीचा ताप उतरला. गोळ्यांनी उतरला हे आज कळतं, तेव्हा वाटलं माझ्यामुळे. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, "मासे कुठं गेले गं?" मी म्हणाले, मेले. तुम्ही रिकामी बरणी हातात घेऊन माझ्याकडे जरा वेळ पाहिलंत आणि ती माळ्यावर ठेवून दिलीत.

आता मुख्य गोष्ट. अहवाल पक्का होण्याआधी मी मामाला खरं सांगायला गेले. मामी नाही आता. मामा एकटाच पडवीत उन्हाला बसला होता, नजर अधू, कान मात्र तिखट. माझा धीर काही होईना, म्हणून आडून सुरुवात केली.

"मामा, तो टिकलीचा मासा शेवटचा कधी पाहिलास?"

"लय वर्सं झाली. तुजी मामी घागर भरायची तवा यायचा." मग म्हणाला, "तुज्या बापानं घालवला तो."

"कुणी सांगितलं तुला?"

"कोन कशाला सांगल? त्यानंच सांगितलं. झऱ्यात नुसते ते गप्पी दिसाया लागले अन् गावानं मला धारेवर धरलं, तुज्या पाव्हन्यानं आसरांचं पानी बाटवलं म्हून. मी नाशकाला तुमच्या घरी आलो. म्हनलं, दाजी, खरं सांगा, तुमी सोडले का? ताई भाईर गेली व्हती, तू आतल्या खोलीत अभ्यासाला बसली व्हती. त्यानं दारातनं तुज्याकडं बघितलं अन् हळूच म्हनला, हां, मीच सोडले. तवाच ठरवलं, ह्या मानसाच्या घराची पायरी चढायची नाय. दुखवट्यालाबी आलो नाय मी."

अप्पा, तुमच्या तेराव्याला आई सकाळपासून दाराकडे बघत होती. माहेरच्या साडीशिवाय विधवेला पाटावरून उठवायचं कसं, म्हणून बायका खोळंबल्या होत्या. "घोटीची गाडी चुकली असेल," असं ती दुपारपर्यंत म्हणत राहिली. शेवटी शेजारच्या काकूंनी स्वतःची कोरी साडी आणून तिच्या अंगावर घातली. त्यानंतर आईनं माहेराचं नाव घेतलं नाही, आणि भाऊ का आला नाही हे न कळताच ती गेली. मला वाटायचं, शेतीच्या वाटणीवरून काही झालं असेल. माझ्याच घरातलं दुखणं मी पन्नाशीला आल्यावर मामाच्या पडवीत ऐकलं.

मला तुमची दया येत नाही, राग येतो. तुम्हाला माहीत होतं. त्या रिकाम्या बरणीपासून माहीत होतं. नाल्यात उतरून मासे परत काढणारा माणूस या वेळी का उतरला नाही? त्या दिवशी मामासमोर मला एक ठेवून दिली असतीत तर मी रडले असते आणि सगळं तिथंच मिटलं असतं. दहा वर्षांच्या पोरीला कुणी वाळीत टाकत नाही. तुम्ही मला वाचवलंत आणि त्यापायी आईचं माहेर गेलं, हे तुम्हाला तरी कळलं होतं का?

मामानं मला चहा करून दिला. म्हणाला, "जाऊ दे. मेल्या मानसावर राग धरून काय करू आता. चुकला बिचारा." मी चहा प्यायले. त्याच्या पाया पडले आणि शेवटची गाडी आहे असं सांगून निघाले. शेवटची नव्हती.

अहवाल सोमवारी जाणार आहे. टिकलीच्या माशासमोर "आढळला नाही" असं लिहिलंय आणि गप्पी कुणी आणले त्या जागी अजून तुमच्या खात्याचीच माणसं आहेत. घोटी इथून तासाभरावर आहे. मामा दिवसभर घरीच असतो, मोबाइलही पहिल्या घंटीला उचलतो. हे पत्र खरं तर त्याला लिहायचं होतं, अप्पा. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही.