बारशाला न चढलेला जिना

प्रिय अक्षरा,

बारशापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. फोन मी उचलला तर 'आईला द्या' म्हणतेस, संपलं. राग बरोबर आहे तुझा. लातूरहून नांदेडला आलो आणि तुझ्या बिल्डिंगच्या जिन्याखाली, स्कूटरींच्या रांगेत खुर्ची टाकून बसलो. वर तिसऱ्या मजल्यावर स्वामींनी बाळाच्या गळ्यात इष्टलिंग बांधलं, बायकांनी पाळणा म्हटला, आणि सख्खा आजोबा खाली वॉचमनशी सोयाबीनच्या भावावर गप्पा मारत होता. त्यात मीच 'लेकराला खाली आणा' असा निरोप वर धाडला, तो तर कहरच. तुझ्या सासरी काय बोलणी झाली असतील, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

तुम्हा नवरा-बायकोला शिकवणीच्या क्लासमधून दिवाळीतही सुट्टी नाही, म्हणून रविकिरणने आम्हा म्हाताऱ्यांनाच गुहागरला धाडलं. दसरा उरकून निघालो. तुझ्या आईने लातूरची सवय म्हणून पाण्याचे दोन कॅन सोबत घेतले. मी म्हटलं, अगं, समुद्राला चाललोय आपण. तर म्हणे, ते काय पिता येतंय व्हय? धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होतीच. उतरलो ते घर जांभ्या दगडाचं, मागे सुपारीची बाग. ऊन स्वच्छ, शेतांत भातकापणी चाललेली. एक दिवस जीपसकट फेरीबोटीत बसून खाडी ओलांडली. एक दिवस दीपगृह पाहिलं, म्हणजे आई वर चढली आणि मी खाली तिच्या चपला राखल्या. तिने वरून हात केला, मी खालून केला.

त्र्याण्णवच्या भूकंपापासून मी पक्क्या छताखाली झोपलेलो नाही, हे तुला ठाऊकच आहे. अंगणातल्या पत्र्याखाली माझी बाज, आणि एकवीस वर्षं शेजारी तुझ्या आईची. शाळेतसुद्धा मी पोरांना लिंबाखाली बसवायचो आणि हेडमास्तरांची बोलणी खायचो. लोक म्हणतात, धोंडप्पा गुरुजी भित्रे आहेत. हाव, आहे मी भित्रा. पण कशाला भितो, ते कुणाला सांगितलं नाही. त्या पहाटे तू सहा वर्षांची. भिंत हलली तसं तुला उचललं आणि पळालो. तुझी आई मागोमाग आली. तुझी आजी आतल्या खोलीत होती. मी परत वळेपर्यंत वरचं मातीचं माळवद खाली बसलं होतं. हात दोनच होते बाळा, आणि दोन्ही तुझ्याभोवती. तेव्हापासून एका छताखाली चार माणसं दिसली की मी मनात मोजत बसतो, आता कुणाला उचलायचं, कुणाला ठेवायचं. तुझ्या घरात तर बारा दिवसांचं लेकरू होतं.

गुहागरातही मी खोलीत झोपेना. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण करून आम्ही किनाऱ्यावर गेलो. पाणी लांब गेलेलं. आपल्याकडे धरणाची दारं उघडल्याशिवाय पाणी वाढत नाही, आणि आधी भोंगा वाजतो. त्या हिशोबाने मी खुशाल गार, ओल्या वाळूवर सतरंजी अंथरली. दोघंही गाढ झोपलो. पायाला पाणी लागलं तसा मी ताडकन उठलो, हाताला आली ती धपाट्यांची पिशवी उचलली आणि पळत सुटलो. वर बागेच्या कुंपणाशी पोचल्यावर आठवलं, शिवकांता मागेच राहिली.

वळून पाहिलं तर तुझी आई गुडघाभर पाण्यातून, लुगडं खोचून, ओली सतरंजी ओढत येत होती. आणि हसत होती. मी लेकरासारखा रडायला लागलो, तर म्हणाली, मला उचलून नेणार होता की काय? गुडघे तरी आहेत का तसे? मला पाय दिलेत की देवाने. मग हसू थांबवून म्हणाली, आईंना पाय असते तर त्याही आल्या असत्या. त्या सहा महिन्यांपासून अंथरुणावर होत्या, हे तुम्ही विसरला, मी नाही. एकालाच नेता येत होतं, पोरीला उचललंत, बरं केलंत.

बाहेर अंथरायची तीच एक सतरंजी, ती भिजलेली. नाइलाजाने खोलीत जाऊन पडलो. जाग आली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. छत जागेवर होतं. मालकीणबाईंनी चहा आणून दिला.

आता एवढं लांबण का लावलं, ते सांगतो. हे पत्र पोस्टाने येणार नाही. तू क्लासवर आहेस. मी तुझ्याच घरात, तुझ्याच टेबलाशी बसून लिहितोय. पायऱ्या चोपन्न आहेत, मध्ये दोनदा टेकलो. दार रविकिरणने उघडलं, त्याला मीच तुला फोन करू दिला नाही. तुझी आई आतमध्ये भाकरी थापतेय. बाळ मघाशी उठलं होतं, मी मांडीवर घेतलं, पुन्हा झोपलं. माझी वळकटी पाळण्याशेजारी टाकलीय, आठ दिवसांसाठी. तू ये, आणि काय भांडायचं ते समोर बसून भांड.

तुझाच, या खेपेस वर आलेला,
अप्पा