साबणाची कार्डं आणि तुझी मुंबई

मालवण, रविवार

चिरंजीव गुरुदासास अक्काचे आशीर्वाद. तुझा खोकला गेला असेल अशी आशा नाही, कारण विड्या तू सोडणार नाहीस. इकडे आम्ही जिवंत आहोत. (आम्ही म्हणजे मी आणि गाय.)

तू चिठ्ठी देऊन पाठवलेला साबण कंपनीचा रविकांत आला, पडवीत राहिला, दोन्ही वेळा बांगड्याची आमटी ओरपली आणि काल गेला. बायकांना कुठला साबण आवडतो ते मोजायला आला होता. जवळ साबण नव्हताच, कार्डं होती. एकावर गुलाबाचा वास, मोठी वडी, किंमत जास्त. दुसऱ्यावर चंदन, लहान वडी, किंमत कमी. मी म्हटलं, गुलाब दे आणि किंमत चंदनाची लाव. तर नाही म्हणे, कार्डावर आहे ते सगळं एकत्र घ्यायचं. आवड मोजायची खरी रीत कुठली यावर त्याच्या साहेबांत भांडण, म्हणून सगळ्या रीती आमच्यावर करून पाहिल्या.

आधी दहापैकी गुण द्यायचे. शेजारच्या चंद्रावतीने सगळ्या कार्डांना दहा दिले. वर त्यालाच दटावलं, "पावण्याच्या जिनसाक नावां ठेवतत काय रे? आमका काय रीत नाय?" मग कार्डं आवडीने ओळीत लावायची. पलीकडच्या घरातल्या सुभद्रेने सगळ्यांत महाग साबण पुढे ठेवला, जन्मात घेणार नाही तरी. "थोरलो तो, तेका मागे कसो बसवू?" (देवळातल्या मानकऱ्यासारखा मान दिला साबणाला.) शेवटी दोन कार्डं समोर धरून एक उचलायचं. तेव्हा दोघी उठल्या आणि देवीला कौल लावायला गेल्या. मूर्तीला चिकटवलेला तांदूळ उजवा पडला तर गुलाब, डावा पडला तर चंदन. देवीने चंदन सांगितलं. रविकांताने ते लिहून घेतलं, म्हणजे मुंबईत आता आमच्या देवीची आवड मोजणार.

माझी पाळी आली तेव्हा मी कार्डं उलटीसुलटी करत बसले. "मावशी, तुम्हाला काय हवं ते सांगा, चूक काही नसतं," म्हणाला. गुरुदास, नवरा बाबांनी ठरवला, तो गेल्यावर माहेरी परत आणायचं तू ठरवलंस. तुला काय हवं, असं विचारणारा आयुष्यात पहिला माणूस भेटला, तो साबणवाला.

मला कायमचं मुंबईला बोलावणारं तुझं पत्रही तसलंच कार्ड. मुंबईची खोली, घरात नळ, दवाखाना जवळ, आणि तुझ्या बायकोच्या, लक्ष्मीच्या बाळंतपणात तुमची चूल. इकडचं कार्ड: विहीर, ताजे मासे, आणि ताप आला तर भिंतीशी बोला. नळ हवा तर चुलीसकट घ्यायचा. वर लिहितोस, "अक्का, तूच ठरव." आणि घर भाड्याने द्यायचं गंगारामशी आधीच बोलून ठेवतोस! परवा तो खोल्या बघायला आला होता. मी कोयता दाखवला, मग त्याला घाईचं काम आठवलं.

मी येणार नाही. माझं ठरलं.

तुझी अक्का

ता. क. हे पत्र लक्ष्मीला वाचून दाखवू नकोस.

आणखी ता. क. दाखवच. पहिल्या खेपेची पोर ती, तिला नणंद घरात हवी का, हे तिला कोणी विचारलंय? तू विचारलंस तर ती हो म्हणेल, मीही बाबांना हो म्हटलं होतं. तू बाहेर जा आणि तिला एकटीला लिहू दे. तिने "या" लिहिलं तर मिळेल त्या बोटीने येते. "नको" लिहिलं तरी मला राग येणार नाही. (येईल, पण तिचा नाही.) पाकिटावर तुझं अक्षर दिसलं, तर न फोडता परत पाठवीन.