दुपारी बारा चाळीसचा फोन

टोकरखाडा, सिल्वासा
२ जून २०२५

वैशाली,

पत्र पाहून तुला नवल वाटेल. तू बरी असशील, वडिलांच्या कंबरेला आता आराम असेल, असं धरून चालतो. आमच्याकडे सगळं ठीक. अलका लवकरच पुन्हा शाळेत शिकवायला जाईल, आमची मृणाल पुण्यात नोकरीत रमली आहे. खुशाली संपली.

माहितीच्या अधिकारात तू टाकलेल्या अर्जाची झेरॉक्स मला दाखवण्यात आली. '१२ फेब्रुवारी रोजी दुपारी बारा चाळीसला माहिती सुरक्षा अधिकाऱ्यांच्या मोबाइलवर कोणत्या नंबरवरून फोन आला, याची नोंद द्यावी.' वाक्य चांगलं जमलं आहे. सहा वर्षं माझ्या हाताखाली टाइप केलंस ते वाया गेलं नाही. पण मोबाइल माझा खाजगी आहे. ती नोंद माझ्या परवानगीशिवाय मिळत नाही, आणि परवानगी मी देणार नाही.

काय घडलं ते पुन्हा लिहितो, कारण तू ते वाकवायला निघाली आहेस. त्या दिवशी मी दमणला व्याख्यानाला गेलो होतो. फोन आला. ओटीपी मागितला गेला, मी आकडे सांगितले. त्या आकड्यांनी माझं ऑफिसच्या मेलचं खातं उघडलं गेलं आणि चार हजार कर्मचाऱ्यांचे पत्ते, आधार क्रमांक, बँकेचे तपशील बाहेर गेले. माझं खातं रोज कोण उघडत होतं? तू. रोज सकाळी ओटीपी कोण मागत होतं? तू. चौकशीत मी एवढंच सांगितलं. साहेब लोक आपली मेल स्वतः उघडत नाहीत, ऑपरेटर उघडून छापून ठेवतो आणि साहेब कागदावर लाल पेनाने शेरा मारतात, ही खात्याची जुनी पद्धत आहे. मी लावलेली नाही.

१९९७ साली वेंगुर्ल्याहून इथे आलो तेव्हा खात्यात एकच कॉम्प्युटर होता. त्याच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. मीही ऑपरेटरच होतो. फ्लॉपीतून आलेला पहिला व्हायरस मी पकडला तेव्हा मोठ्या साहेबांनी मला दोन दिवस रजा घेऊन डॉक्टरला दाखवायला सांगितलं होतं. तिथून इथपर्यंत यायला अठ्ठावीस वर्षं लागली. सिल्वासा, दमण, दीव, प्रत्येक ठिकाणी उभा राहून मी लोकांना सांगितलं की ओटीपी सख्ख्या भावालाही देऊ नका. ३० जूनला मी निवृत्त होतोय. एक शाल, एक नारळ आणि चार बरी भाषणं, यापलीकडे मला काही नको. तू त्यात चिखल कालवू नकोस.

१६ तारखेच्या चौकशीच्या सुनावणीआधी अर्ज मागे घे. वापीत माझ्या ओळखीची एक कंपनी आहे, तिथे शब्द टाकतो. नाही घेतलास तर खात्याला पोलिसांत जावं लागेल, आणि तिथे तुझ्याशी कोणी इतकं समजुतीने बोलणार नाही.

कोण लिहितंय ते ओळखशीलच.


सायली गाव, सिल्वासा
६ जून २०२५

सर,

तुमचं पत्र मिळालं. खुशाली कळली. आमचीही कळवते. बाबांची कंबर तशीच आहे, तरी ते कंपनीतली पाळी चुकवत नाहीत. धाकटी गुड्डी बारावीला गेली. मी इथल्याच एका धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला लागले आहे. सुपरवायझर मला 'ए कम्प्युटरवाली' म्हणून हाक मारतो आणि बाकीच्या हसतात. कामावरून काढल्याच्या कागदावर तुम्ही 'गोपनीयतेचा भंग' असं लिहिलंत, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या ऑफिसात मला खुर्चीवरसुद्धा बसवत नाहीत.

तुमच्या पत्रावर तारीख आहे, पत्ता आहे. सही नाही, पाकिटावरही नाव नाही. ज्या पत्रावर पाठवणाऱ्याचं नाव नसतं ते उघडायचं नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. मी उघडलं, चूक माझी. हाताने का लिहिलंत तेही समजलं. मोबाइलवर लिहिलं असतं तर त्याची नोंद राहिली असती.

आणखी एक शिकवलं होतं सर. तक्रार लिहून घेताना माणूस 'मी केलं' न म्हणता 'झालं' म्हणायला लागला की तिथे थांबायचं आणि पुन्हा विचारायचं. तुम्ही लिहिता, फोन आला. कोणाचा आला ते चार पानांत कुठे नाही.

मी सांगते. माझा नव्हता. मी तुम्हाला सहा वर्षांत एकदाही फोन केलेला नाही. कामाला लागले त्याच दिवशी तुम्ही सांगितलं होतं, 'ऑपरेटरने साहेबाला फोन करायचा नाही, साहेब करतील.' ऑफिसात असलात की मी केबिनच्या दारात उभी राहून ओटीपी मागायचे, तुम्ही चहाचा कप खाली न ठेवता आकडे वाचायचे. बाहेरगावी असलात की तुम्हीच फोन करून सांगायचे. हे शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे, पण मला चौकशीत हे कोणी विचारलंच नाही. माझा फोन तर त्या वेळी ड्रॉवरमध्ये होता. तुमच्या सगळ्या मेल छापून मी माझ्या टेबलावर लावत होते.

मार्चमध्ये बाबा तुमच्या क्वार्टरवर आले होते. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच होतं, पाळी संपवून सरळ आले होते. 'साहेब, मनी पोर अशी नही शे,' एवढंच ते म्हणाले. तुम्ही जाळीचा दरवाजा उघडला नाही. म्हणालात, 'जो कुछ है, लिखके दो.' बाबांना लिहिता येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. त्यांचा राशनचा फॉर्म तुमच्यासमोर मी भरला होता.

तर मी लिहून देते. अर्ज मागे घेणार नाही. वापीची कंपनी तुम्हालाच ठेवा, निवृत्तीनंतर उपयोगी पडेल. पोलिसांत जायचं तर जा, मी पण तेच म्हणतेय की कोणीतरी तो नंबर बघा.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. सहा वर्षं रोज सकाळी माझा आवाज ऐकलात. दुसऱ्या कोणी तो काढला तर तुम्हाला कळला कसा नाही?

वैशाली कारभारी महाजन
(सही केली आहे.)


टोकरखाडा, सिल्वासा
१२ जून २०२५

प्रति,
वैशाली कारभारी महाजन यांस,

हे पत्र खात्याच्या जावक नोंदवहीत चढवून पाठवतो आहे. नोंद मी स्वतः केली, कारकुनाच्या हातात दिली नाही. अशा पत्रात 'तू' लिहायचं नसतं, पण मला आता नवीन सवय लागणार नाही.

तुझं पत्र अलकाने वाचलं. मी ते टेबलावर ठेवून आंघोळीला गेलो होतो. मुद्दाम ठेवलं की विसरलो, ते विचारू नकोस. बाहेर आलो तर ती गॅस बंद करून बसली होती. एवढंच म्हणाली, 'त्या चेडवान खरांच फोन केल्लो काय तुमका?' त्या मुलीने खरंच फोन केला का, हे चार महिन्यांत मला कोणीच विचारलं नव्हतं. बायकोशी मी तीस वर्षांत कधी खोटं बोललो नाही असं नाही, पण त्या वेळी खोटं न बोलता कागद घेऊन बसलो.

आवाज मला कळला होता. तुला वाटतं कळला नाही, आणि तसं वाटत राहिलं असतं तर मला बरंच सोपं गेलं असतं. दमणच्या सभागृहात चारशे माणसं बसली होती. मी नुकतंच ओटीपीचं सांगून खाली बसलो होतो, टाळ्या चालू होत्या, आयोजक शाल घेऊन उभे होते आणि फोन वाजला. बाईचा आवाज होता. 'सरजी, ओटीपी आया है, बोलिए.' मी मेसेज बघितला आणि सहा आकडे वाचून दाखवले, चहा पिताना वाचतो तसे. फोन ठेवला आणि शाल अंगावर पडायच्या आत मला कळलं. तू मला कधी सरजी म्हटलं नाहीस. हिंदीत कधी बोलली नाहीस. फोन तर कधी केलाच नाहीस.

आता जे चौकशीच्या कागदांत नाही ते. त्याच मिनिटाला मी ऑफिसात फोन करून माझं खातं बंद करायला सांगितलं असतं तर एक पानही बाहेर गेलं नसतं. दुसऱ्या कोणाकडून असं झालं असतं तर पहिला प्रश्न मी हाच विचारला असता, तुम्ही गप्प का बसलात. मी गप्प बसलो कारण समोर चारशे माणसं होती आणि गळ्यात शाल होती. मग जेवलो. बासुंदी होती. आयोजकांशी दीवच्या पुढच्या कार्यक्रमाबद्दल बोललो. सव्वाचारला ऑफिसात पोहोचलो तोपर्यंत सगळं गेलं होतं. तुझ्या टेबलावर माझ्या मेल छापून, नीट टाचून ठेवलेल्या होत्या. तुझं नाव मी तिथे उभ्याउभ्या ठरवलं. त्यासाठी फार विचार करावा लागला नाही, हेही लिहून ठेवतो.

पेन्शनला लागलेल्या, थरथरत्या हाताच्या म्हाताऱ्यांना मी वर्षानुवर्षं ऐकवत आलो की एवढं कसं फसता तुम्ही. चोर म्हणवून घेणं मला एक वेळ परवडलं असतं. फसलेला म्हणवून घेणं नको होतं.

यातून असं समजू नकोस की मला तुझ्याबद्दल माया वाटायला लागली आहे. तुझं पत्र उद्धट आहे. 'वापीची कंपनी तुम्हालाच ठेवा' हे वाक्य मी विसरणार नाही. मी शिकवलेलं मलाच परत शिकवणारी मुलगी मला सहा वर्षांत आवडली नव्हती आणि आताही आवडत नाही. माफी मागत नाही. ती मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तू मला काही द्यावंस अशी वेळ मला आणायची नाही. वडिलांना मात्र सांग, त्या दिवशी मी दरवाजा उघडला नाही कारण त्यांच्या तोंडाकडे बघणं मला जमलं नसतं. हे त्यांना वाचून दाखव. लिहून दिलं आहे.

३० तारखेचा समारंभ मी आज रद्द करवला. सोमवारी अकराला सुनावणी आहे. तुला बोलवलं नसलं तरी ये, आणि पुढच्या खुर्चीवर बस. तू नसलीस तर तुझ्याकडे न बघता हे वाचणं मला फार सोपं जाईल.

या वेळी पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव आहे. उघडायला हरकत नाही.

दत्तात्रय शंकर परुळेकर
माहिती सुरक्षा अधिकारी

प्रत : चौकशी अधिकारी.
सोबत : माझ्या मोबाइलवरील १२ फेब्रुवारीच्या फोनची नोंद, एक पान. बारा चाळीसच्या नंबरखाली लाल पेनाने रेघ मारली आहे.