सगळ्यात कमी आकडा

प्रिय धाकट्या,

फोनवर बोललं की बाबा पलीकडच्या खोलीतून कान टवकारतात, म्हणून लिहितेय. पूर्ण वाच, मधूनच उठू नकोस.

वस्तीतली वीज बरी चाललीय. सोलरची पॅनल परवाच धुतली, बॅटरीच्या खोलीत नवा पंखा बसला. तुझ्या प्रोग्रामचं सगळ्यांना भारी कौतुक. उद्या ऊन किती पडेल, बॅटरीत किती राखायचं, कुठल्या घराला संध्याकाळी किती द्यायचं, सगळं तो आपलं आपण ठरवतो. ज्या घराचा वापर जास्त त्याला वाटा जास्त, हे मात्र लोकांनी बरोबर हेरलंय. समोरच्या शिक्षिकाबाई शाळेत जाताना रिकाम्या घरात पंखा चालू ठेवून जातात. वाटा टिकवतेय म्हणे! हसूही येतं आणि रागही.

आपल्याकडे उलटं. मी जेवत असले तरी बाबा डोक्यावरचा दिवा मालवतात. कामावर जाताना मी त्यांना ऑक्सिजनचं मशीन लावून जाते. परत येते तर मशीन बंद, ओठ निळसर, आणि हे आपले खिडकीशी बसून हसताहेत. एवढा कमी वापर बघून प्रोग्रामने आपला वाटा छाटला. त्यात आभाळ भरलेलं. काल दिवेलागणीला आपली वीज गेली आणि बाबांना धाप लागली. समोर दिवे लख्ख. बाबांना जवळजवळ उचलूनच बाईंकडे नेलं, तिथे मशीन लावलं.

वायरमनकाकांनी सकाळीच आपला वाटा वाढवून दिला. पण बटण बंद करणारा हात घरातच असेल तर वाढवून काय उपयोग? मी रजा टाकून पहाऱ्याला बसलेय. ती किती दिवस पुरणार?

आज मी बाबांवर ओरडले, तेव्हा खरं कळलं. ‘तिकडे बसूनही मला प्रत्येक घराचा वापर दिसतो,’ असं तू जाताना म्हणाला होतास. बाबांना वाटतं, तू रोज आपल्या घराचा आकडा बघतोस, आणि तो सगळ्यात कमी दिसला की तुला बापाचा अभिमान वाटतो. तू बघत नाहीस, मला ठाऊक आहे. ते त्यांना कधी सांगू नकोस. हे पत्र मिळताच फोन कर, घाई न करता बोल, आणि एवढंच म्हण, की बाबा, आकडा फार कमी दिसतोय, मला भीती वाटते. माझं ते ऐकत नाहीत रे. तुझं ऐकतील.

वाट बघणारी,
तुझीच ताई