तू पडलीस तेव्हा

शुक्रवार, १४ मार्च

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. वयाने तुझ्याहून चार महिन्यांनी लहान असले तरी बावीस वर्षं नाटकात तुझी सासू होते, तेव्हा आशीर्वाद द्यायचा हक्क माझाच. कशी आहेस? खुब्याचं ऑपरेशन नीट झालं एवढं तुझ्या भाचीकडून कळलं. मी चार वेळा फोन केला, चारही वेळा मावशी झोपलीय म्हणाली. एवढी झोप तुला कधीपासून लागायला लागली गं? म्हणून हे पत्र.

आपल्या या म्हाताऱ्या नटनट्यांच्या घरात सगळं ठीक आहे. खिडकीजवळच्या ज्या खुर्चीवरून आपण तीन वर्षं भांडलो, ती मला बिनविरोध मिळाली. मेली टोचते. सकाळचं वर्तमानपत्र आता गाणाऱ्या बाई मोठ्याने वाचतात, त्यांचे उच्चार ऐकलेस तर कानांवर हात ठेवशील. परवा कॉलेजच्या दोन मुली तुला शोधत आल्या होत्या. तू नाहीस म्हटल्यावर मी त्यांना माझा अल्बम दाखवायला घेतला. पाचव्या पानाला दोघींना जांभया यायला लागल्या. हस, हस.

मेट्रन विचारत होत्या, तुझी खोली ठेवायची की दुसऱ्या कुणाला द्यायची. भाची सांगते, मावशी परत जायचं नाही म्हणते. महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे. तू का येत नाहीस ते त्यांना माहीत नाही. मी त्यांना सांगून ठेवलंय, तू पडलीस तेव्हा आम्ही सगळ्या घाबरून गेलो, कुणाला काही सुचलं नाही. ते साफ खोटं आहे.

त्या दिवशी चहाला आपलं नेहमीसारखं जुंपलं होतं. तुझ्या तिसऱ्या अंकातल्या मूर्च्छेत काही दम नव्हता, लोक उगाच रडायचे, असं मी म्हणाले. तू तरातरा उठलीस, दोन पावलं टाकलीस आणि कोसळलीस. साखर उतरली होती हे नंतर कळलं. तेव्हा सगळ्यांना वाटलं, मला करून दाखवते आहेस. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या तरी तू हलली नाहीस, तेव्हा गाणाऱ्या बाई उठायला लागल्या. त्यांचा हात मीच धरला.

"बसा हो," मी म्हटलं. "आपण गेलो की ती आणखी ताणेल."

तुझे डोळे उघडे होते. तू ऐकलंस. नाही म्हणू नकोस.

कपबशा न्यायला बाई आली तेव्हा कुठे धावाधाव झाली. मधे आठ मिनिटं गेली. मला पक्कं माहीत आहे, कारण तू किती वेळ टिकतेस ते मी घड्याळ लावून बघत होते.

मी जळले म्हणून उठले नाही, असं तुला वाटत असेल. जळले तर खरंच, खोटं कशाला सांगू? पण मी बसून राहिले ते बघत. बावीस वर्षं त्या मूर्च्छेच्या प्रवेशात मी तुझ्या मागे उभी असायचे, मला नुसती तुझी पाठ दिसायची. त्या दिवशी पहिल्यांदा तुला समोरून पडताना पाहिलं. वाटलं, काय पडलीय बया! माझ्या हातून जन्मात असं झालं नसतं. तू उठलीस की सगळ्यांच्या देखत तसं सांगणार होते, वाक्यसुद्धा मनात जुळवून ठेवलं होतं. तू उठलीच नाहीस.

मला माफ कर. आणि परत ये गं. शिव्या दे, अबोला धर, पण समोर राहून धर. इथे मला बोलणारं कुणी उरलं नाही, दिवस खायला उठतो. डॉक्टरांनी तुला रोज चालवायला सांगितलंय म्हणे. त्या कामाला मेट्रनकडे मी माझं नाव दिलंय. सकाळी सहाला तयार असेन. तोल गेलाच तर धरीन. नाटक करत असलीस तरी धरीन.

त्या दिवशी न उठलेली,
तुझी सासूबाई