नाव तेवढं राहू द्या

६ मे २०२४
संभाजीनगरात आलो एकदाचा! खोली झकास. घरमालकीण यमुनाबाईंनी आल्या आल्या माठातलं गार पाणी दिलं. धरण आटलेलं, गाव मात्र चहूकडं वाढतंय. आमची कंपनी त्यावरच जगते: टँकरची मागणी नोंदवण्याचं सॉफ्टवेअर.

८ मे
काम सोपं आहे. प्रत्येक मागणी म्हणजे एक ऑब्जेक्ट, माहितीचं एक गाठोडं: नाव, पत्ता, लिटर. दिवस संपला की तो फाइलमध्ये साठवायचा, सकाळी परत उभा करायचा. प्रोग्रामिंगच्या भाषेवर सोडलं तर ती सगळंच जसंच्या तसं साठवते. साठवण्याची पद्धत आपण स्वतः लिहिली, तर हवं ते गाळता येतं. गाळलेलं परत येताना शून्य होऊन येतं. मालक श्रीनिवासराव म्हणाले, तेच हवंय. टेकडीमागच्या वस्तीचं नाव तेवढं राहू द्या, लिटर गाळा. पाणी नव्या रहिवासी टॉवरना जाईल आणि यादीतून नाव काढलं असं कुणी म्हणणार नाही. चहा निवायच्या आत लिहून दिलं. स्वारी खूश!

१४ मे
वस्तीतली मालनबाई ऑफिसात आली. खमकी म्हातारी. रोज फोन करते, नोंद झाली म्हणतात, टँकर काही येत नाही, अशी तक्रार. स्क्रीन दाखवून म्हटलं, मावशी, मागणीच शून्य आहे. तिनं स्क्रीनवरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं, मग शून्यावर. "नाव ठिवलं अन् पानी गाळलं व्हय? तुलाबी असंच लिवीन." मला हसूच आलं.

१७ मे
मालनबाई गेली. भर उन्हात, रिकाम्या हंड्याशेजारी. वाईट वाटलं. पण मी काय तिचा गळा दाबला?

१८ मे
बाटली भरून झाकण लावलं. उघडली तर कोरडीठाक. नळाला तोंड लावलं, घशाखाली थेंब उतरेना.

२० मे
फाइल उघडली. वस्तीच्या नावांत माझं नाव. पत्ता बरोबर. लिटर शून्य. माझी पद्धत खोडली, सगळं पुन्हा भाषेवर सोडलं. शून्य ते शून्यच. जे साठवलंच नाही ते परत कुठून — मीच लिहिलं होतं, मीच —

२१ मे
जीभ लाकूड झालीय. मालनबाई खुर्चीमागं उभी आहे. म्हणते, तुझ्याच रीतीनं लिवलं, पोरा. लई सोपं हाय —

२२ मे
यमुनाबाईंनी पेला दिला. त्या म्हणतात, भरलाय. मला रिकामाच दिसतो. कशानं? त्यांनी शब्द सांगितला. लिहायला गेलो — कागदावर उमटत नाही. मालनबाई, चुकलो. एक घोट — फक्त एक घोट —