साठ मिनिटं आणि एक सही

४ मार्च
आजपासून हार्ट अटॅकचा प्रत्येक पेशंट माझ्या घड्याळावर. दारात आल्यापासून तुंबलेली रक्तवाहिनी उघडेपर्यंत नव्वद मिनिटं, हा सरकारी नियम. मी साठ ठरवली. हॉस्पिटल तालुक्याचं असेल, पण गुणवत्ता विभागप्रमुख मी आहे, क्वांग.

११ मार्च
सरासरी ११८. मशीन तयार, डॉक्टर तयार, नातेवाईक संमतीपत्रावर सही करत नाहीत. आज एका म्हातारीची सून म्हणाली, थोरल्या दिरांना विचारते. दीर म्हणाले, मामांना विचार. मामांचा फोन लागेना. हेड नर्स थान मला म्हणाल्या, "साहेब, घरचं माणूस असतं, हात कापतो." मी म्हटलं, अडाणीपणा!

१९ मार्च
भिंतीवर मोठं लाल घड्याळ लावलं. खाली माझं वाक्य : 'आधी सही, मग विचार.' नातेवाईक घड्याळाकडे बघत बसतात. सरासरी १२१. घड्याळाचा दोष नाही.

२ एप्रिल
नातेवाइकांसाठी सात मिनिटांचं भाषण तयार केलं. सरासरी १२८. भाषण मात्र सगळे शांतपणे ऐकतात.

१४ एप्रिल, संध्याकाळ
बाबांना शेजाऱ्यांनी सकाळी ९.१० ला आणलं. पहाटेपासून छातीत दुखत होतं, पण म्हणे मिरचीची रोपं लावायची राहिली होती.

थाननी संमतीचा कागद पुढे केला. 'मृत्यूची शक्यता' वाचलं आणि पेन चालेना. हा मजकूर मीच मंजूर केलाय. दादा दूर डोंगग्वान शहरात नोकरीला, त्याला फोन लावला. तो म्हणाला, तू तिथेच आहेस, तू ठरव. मी म्हटलं, थोरला तू. तो म्हणाला, आत्याला विचार. आत्या म्हणाली, मोठ्या शहरात न्या रे, तुमच्या त्या हॉस्पिटलात काय जमतंय!

डॉक्टर ओउयांग दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा ओरडले, की साहेब, तिकडे हृदय मरतंय. मला रडू येत होतं.

शेवटी बाबाच खाटेवरून म्हणाले, "मेल्या, छाती माझी आहे ना? आण तो कागद इकडे." त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आमच्याकडे पेशंटला विचारायची पद्धत नाही.

१६ एप्रिल
बाबा वाचले. हृदयाचा एक भाग कायमचा गेला. ओउयांग म्हणाले, आता डोंगरावरचं शेत विसरा. बाबांना अजून सांगितलेलं नाही. दादा म्हणतो, तू सांग.

एकूण ११२ मिनिटं. म्हणजे सरासरीपेक्षा सोळा कमी. सुधारणा आहे.

नोंदवहीत उशिराच्या कारणाचा रकाना थाननी कोरा ठेवला होता. मी 'नातेवाईक' लिहिलं. नाव लिहायला तिथे जागा नाही.